उपरण्याखालचा भाव

२०२५ च्या सप्टेंबरचा शेवटचा आठवडा नाशिकजवळच्या ओझरच्या लोकांना भलताच भरगच्च गेला. २२ तारखेला घटस्थापना, आणि त्याच दिवसापासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. २५ तारखेला संरक्षण मंत्रालयाने हिंदुस्तान एरोनॉटिक्सशी, म्हणजे एचएएलशी, ९७ तेजस विमानांचा ६२ हजार ३७० कोटींचा करार केला. २६ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप मिळाला. याच विमानासाठी १९६४ मध्ये इथे एचएएलचा कारखाना आला होता, आणि त्याच्यामुळेच बाहेरचे लोक अजून या गावाला ‘ओझर मिग’ म्हणतात. इतकं सगळं घडूनही हायवेलगतच्या चहाच्या टपरीवर बोलणं चाललेलं असायचं ते गाडीचं. कुठली किती उतरली, कुणी दसऱ्याला उचलली, कुणी अजून थांबलाय.

या बोलण्यात दोन पक्ष कायम दिसतात. एक म्हणतो गाड्या उगाच महाग केल्यात, दुसरा म्हणतो विकणारेच मेटाकुटीला आलेत. दोन्ही ऐकून मी दोन माणसं मनात तयार केली आणि त्यांना समोरासमोर बसवलं. मामा एचएएलच्या इन्स्पेक्शनमधून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्याच्या कामावर शिक्का मारायचा की नाही हे ठरवत आलेले. भाची नाशकातल्या एका शोरूममध्ये गाड्या विकते. शोरूम कुठलं ते विचारू नका, तिचं दुखणं सगळ्यांचंच आहे. मामांना छोटी पेट्रोल गाडी हवी आहे, कारण मामींचे गुडघे आणि नाशकातले डॉक्टर यांच्यामध्ये वीसेक किलोमीटरचा मुंबई-आग्रा महामार्ग आहे. दिवाळी होऊन गेली आहे. वार मंगळवार, कारण शोरूमवाल्यांना रविवारी सुट्टी नसते.

मामा : ही तुमची जाहिरात. दहा लाख छापलंय. आणि हे तुमच्याच पोराने दिलेलं कोटेशन. हे दहा लाख नाहीत.

भाची : ते एक्स-शोरूम आहे मामा. हे ऑन रोड.

मामा : गाडी रोडवरच चालवणार ना मी? मग जाहिरातीत रोडवरचा भाव का नाही? सोपा आकडा म्हणून दहा लाखच धर. छोटी पेट्रोल गाडी, म्हणजे जीएसटी १८ टक्के. मूळ किंमत निघते ८ लाख ४७ हजार, जीएसटी १ लाख ५३ हजार. आता आपल्या महाराष्ट्राचा रोड टॅक्स. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, आणि तो कशावर? साडेआठ लाखांवर नाही, दहावर. जीएसटी मिळवून झालेल्या किमतीवर. म्हणजे करावर कर! आणखी १ लाख १० हजार. झाले २ लाख ६३ हजार. इन्शुरन्स अजून धरलाच नाही, आणि त्याच्यावरही जीएसटी आहेच. साडेआठ लाखांच्या वस्तूवर शेकडा एकतीस फक्त सरकारला, आणि हे दर उतरल्यानंतरचं.

भाची : मग भांडताय कुणाशी? हे सगळं तर सरकारचं झालं. आमच्या हातात काय पडतं ते विचारा. डीलरला गाडीमागे शेकडा तीन, चार, फार तर पाच. त्यातून शोरूमचं भाडं, लाइट, एसी, माझा पगार, त्या कोटेशनवाल्या पोराचा पगार.

मामा : तुमच्याशीही भांडणार. पण क्रमाने.

मामांचा क्रम चुकत नाही. चाळीस वर्षं जॉब कार्डाच्या ओळीनुसार काम केलेला माणूस आहे. भाचीला मात्र गिऱ्हाइकाला मधूनच दुसरीकडे वळवायची सवय, आणि तिने ती इथेही वापरून पाहिली.

भाची : मामा, तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा गाडी स्वस्त होती का हो? मारुती ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात, पन्नास हजारांच्या आसपास. तुमचा पगार किती होता तेव्हा?

मामा : हजाराच्या आतबाहेर.

भाची : म्हणजे चार वर्षांचा पगार. आज तुमच्या कारखान्यात तुमच्याच जागेवर असलेल्या माणसाला दहा लाखांच्या गाडीला चार वर्षांचा पगार लागतो का?

मामा : नाही. सव्वा-दीड वर्षाचा लागेल.

भाची : मग महाग झाली की स्वस्त?

मामा : कारखान्यातल्या कायम माणसाला स्वस्त झाली. कंत्राटावर आलेल्याला? इथल्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं भरणाऱ्या बाईच्या नवऱ्याला? तू मोजलंस ते माझ्या फूटपट्टीने. आणि ८३ साली आमच्यातल्या कुणी गाडीकडे बघितलंसुद्धा नव्हतं. आम्ही चेतक स्कूटरला नंबर लावला होता. नंबर येईपर्यंत माणसाचं लग्न होऊन मूल चालायला लागायचं. ज्याला घाई, तो वरचे पैसे मोजून दुसऱ्याचा नंबर विकत घ्यायचा.

भाची : बघा! तेव्हा माल नव्हता आणि गिऱ्हाईक रांगेत. आता माल यार्डात मावत नाही आणि गिऱ्हाईक म्हणतं, बघू पाडव्याला.

इथे भाची जिंकल्यासारखी दिसते, पण तिने स्वतःच्याच अडचणीचं दार उघडलं. माल यार्डात मावत नसेल तर भाव का उतरत नाही? पिंपळगावच्या बाजार समितीत ट्रॉल्यांची रांग लागली की लिलावातला भाव त्याच सकाळी कोसळतो, हे ओझरमधलं शाळकरी पोरही सांगेल. मामांनी नेमकं हेच विचारलं.

भाची : कारण आम्ही तो माल आमच्या मर्जीने भरत नाही. कंपनीच्या गेटमधून ट्रेलर निघाला आणि डीलरच्या नावावर बिल फाटलं की कंपनीसाठी विक्री झाली. महिन्याच्या एक तारखेला पेपरात येतात ते आकडे बहुतेक याच डिस्पॅचचे असतात. गिऱ्हाइकाने घेतली का, आरटीओत नंबर पडला का, ते ‘वाहन’च्या नोंदींवरून कळतं. डीलर लोकांची संघटना, फाडा, ते आकडे वेगळे काढते. दोन्हींत जो फरक पडतो तो आमच्या यार्डात उभा असतो.

मामा : गेटबाहेर गेलं म्हणजे विकलं? आमच्याकडे विमान हवाई दलाने तपासून सही करून घेईपर्यंत दिलं असं धरत नाहीत. त्याआधी ते नुसतं उभं असतं.

भाची : आमचंही नुसतंच उभं असतं, पण व्याजावर. डीलर कंपनीला पैसे आधी देतो, बँकेकडून उचलून. २०२४ च्या सप्टेंबरअखेर फाडाने सांगितलं होतं, देशभरात डीलरांकडे ७ लाख ९० हजार गाड्या पडून आहेत, ७९ हजार कोटींच्या. ऐंशी ते पंच्याऐंशी दिवसांचा साठा. त्यांचं म्हणणं तो एकवीस दिवसांचा असावा. आता तुम्हीच पेन्सिल घ्या. दहा लाखांची गाडी, शेकडा दहाने व्याज धरा, ऐंशी दिवस.

मामा : (लिहून) एकवीस हजार नऊशे.

भाची : आणि आमचं मार्जिन, शेकडा चार धरलं तर चाळीस हजार. निम्म्याहून जास्त त्या गाडीने उभ्या उभ्या खाल्लं. वर तुम्ही येऊन म्हणणार, काय सूट देतेस?

मामा : देतेस ना पण?

भाची : द्यावीच लागते. कॅश डिस्काउंट, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट. तुमच्या एचएएलच्या ओळखपत्रावरही काही सुटतं.

मामा : आणि ज्याच्याकडे ओळखपत्र नाही? ज्याला विचारायचंच सुचलं नाही? त्याला त्याच दिवशी, तीच गाडी, पूर्ण भावाने?

भाची काही बोलत नाही. तिच्याकडे उत्तर आहे, पण ते मामांपुढे देण्यासारखं नाही. पूर्वी बैलबाजारात दलाल दोघांचे हात उपरण्याखाली धरून बोटांनी भाव ठरवायचे. चार पावलांवर उभ्या माणसालाही आकडा कळायचा नाही. एअरकंडिशन्ड शोरूममध्ये, काचेच्या टेबलावर, आज तेच चालतं. छापील किंमत भिंतीवर, खरी किंमत उपरण्याखाली. माझ्या मते गाड्यांच्या महागाईचं निम्मं भांडण याच एका सवयीतून येतं. मागणी पडली तरी कंपनी छापील भाव सहसा उतरवत नाही. उतरवला तर कालच्या गिऱ्हाइकाला फसल्यासारखं वाटतं, जुन्या गाडीची किंमत पडते, आणि पुढे वाढवताना बातमी होते. त्यापेक्षा सूट वाढवणं सोयीचं, कारण सूट गुपचूप देता येते आणि गुपचूप काढूनही घेता येते. जानेवारी आला की मात्र ‘कच्च्या मालाच्या वाढत्या किमतींमुळे’ दरवाढीची घोषणा उघडपणे होते.

मामा : वर जाताना तुम्हाला कारणं बरी सापडतात. धुराचे बीएस-सहा नियम आले, वाढवा. चिप मिळत नाहीत, वाढवा. आता मिळतायत ना चिप? उतरवलं का कुणी?

भाची : कारणं खोटी नव्हती. बीएस-चारवरून थेट सहावर उडी मारली आपण, १ एप्रिल २०२० ला. छोट्या डिझेल इंजिनांना ते झेपलंच नाही, मारुतीने तर डिझेल बंदच केलं. चालकाची एअरबॅग आणि एबीएस २०१९ पासून सक्तीचं, शेजारच्याची एअरबॅग २०२२ पासून. थर्ड पार्टी इन्शुरन्स २०१८ पासून तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. हे सगळं बिलात येणार की नाही? आणि मामा, तुम्हाला ही गाडी घेऊन कधी राहुडचा घाटही उतरायचाय. एअरबॅग नको, स्वस्त द्या, असं म्हणाल का?

मामा : नाही म्हणणार. मी इन्स्पेक्शनचा माणूस. सुरक्षेचे पैसे मी मोजून देईन. पण मला हे सांग, या गाडीला छपराला खिडकी कशाला?

भाची : सनरूफ.

मामा : ओझरात, मे महिन्यात, सनरूफ!

भाची : लोक मागतात. लहान मुलं उभी राहतात त्यातून. तशी राहू नयेत, पण राहतात. सनरूफ नसलं तर गाडी परत पाठवतात. माझ्यासमोर बाप बेस मॉडेल बघत असतो आणि पोरगं मोबाइलवर टॉप मॉडेलचा व्हिडिओ लावून बसलेलं असतं.

मामा : म्हणजे हौस त्याची, भाव सगळ्यांना.

हे अगदीच खरं नाही. टॉप मॉडेलचा भाव टॉपवाल्यालाच पडतो. पण मामांच्या बोलण्यात एक गोष्ट आहे, आणि तिचे आकडेही आहेत. पाच लाखांच्या आतल्या गाड्या २०१५-१६ मध्ये देशात सव्वानऊ लाखांच्या वर विकल्या गेल्या होत्या. २०२४-२५ मध्ये तो आकडा पंचवीस हजारांच्या आसपास आला. दहा वर्षांपूर्वीचे पाच लाख म्हणजे आजचे पाच लाख नव्हेत, हे भाची लगेच म्हणेल आणि बरोबर म्हणेल. तरीही नऊ लाखांचे पंचवीस हजार होणं निव्वळ चलनवाढीत बसत नाही. शिडीची खालची पायरी कुणीतरी काढून घेतली.

गंमत म्हणजे त्याच २०२४-२५ मध्ये देशात प्रवासी गाड्यांची एकूण विक्री त्रेचाळीस लाखांवर गेली. विक्रमच तो. पण वाढ जेमतेम दोन टक्के. विक्रम आणि मंदी एकाच वर्षात. गाड्यांची संख्या फारशी वाढली नाही, एका गाडीमागची रक्कम वाढली. मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव हे कंपन्यांच्याच बाजूचे गृहस्थ, पण एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी सरळ सांगितलं की दहा लाख आणि वरच्या गाड्या परवडतील अशी घरं देशात फक्त बारा टक्के आहेत. हजार माणसांमागे आपल्याकडे गाड्या चौतीस. उरलेल्या अठ्ठ्याऐंशी टक्के घरांसाठी गाडी बनवायची कुणी, हा प्रश्न कंपनीच्या अध्यक्षालाच पडला होता.

मामांनी मग टेप काढली. खरोखरच काढली. इन्स्पेक्शनची सवय.

मामा : तुमच्या शोरूमला मी एक गोष्ट मोजली. तीन गाड्या, तीन कंपन्यांच्या... बरं, दोन तुमच्या आणि एक बाहेर उभी होती. एक ३९९५ मिलिमीटर, दुसरी ३९९५, तिसरी ३९८५. हे सगळे एकाच साच्यातून काढतात का?

भाची : सरकारच्या साच्यातून. चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन बाराशे सीसीपर्यंत, डिझेल पंधराशेपर्यंत, तर ती छोटी गाडी. चिदंबरम यांनी २००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाडीचं अबकारी शुल्क चोवीसवरून सोळा टक्के केलं, तेव्हापासून हीच पट्टी. डिझायरची शेपटी २०१२ मध्ये त्यासाठीच कापली. तुमची लाडकी बोलेरो, तिचेही बंपर २०१६ मध्ये त्यासाठीच आखूड केले.

मामा : बोलेरो नाशकात बनते, तिला काही बोलू नकोस. पण ऐक, छोटी म्हणजे आखूड, हे कुणी ठरवलं? लांबी पाच मिलिमीटर कमी ठेवायची, उंची वाढवायची, रुंदी वाढवायची, आत पडदा टीव्हीएवढा, आणि भाव पंधरा लाख. त्यालाही छोट्या गाडीचा दर?

भाची : हो. लांबी मोजतात, किंमत नाही.

मामा : मग सवलत गरिबाला दिली की टेपला?

माझ्या मते संपूर्ण संभाषणात मामांचा हा प्रश्न सगळ्यात वजनदार आहे. छोटी गाडी म्हणजे साध्या घराला परवडणारी गाडी, असा हेतू धरून नियम केला. मोजमाप मात्र असं निवडलं की कंपन्यांनी ते अक्षरशः पाळलं आणि हेतू बाजूला ठेवला. सप्टेंबर २०२५ च्या बदलानेही पट्टी तीच ठेवली. आतल्यांना १८ टक्के, बाहेरच्यांना ४०, आणि वरचा सेस रद्द. आधी छोट्या पेट्रोल गाडीला सेस धरून २९ होते, छोट्या डिझेलला ३१, मोठ्या एसयूव्हीला ५०. म्हणजे मोठीचा दरही उतरलाच. यात चूक काढण्यापेक्षा मला एवढंच दिसतं की २००६ साली हातात घेतलेली टेप कुणी खाली ठेवायला तयार नाही.

भाची : पण उतरलं की नाही? आणि लोक आले की नाही? ऑक्टोबरात देशात ५ लाख ५७ हजार गाड्यांची नोंद झाली, आजवरची सगळ्यात जास्त. आम्हाला जेवायला वेळ नव्हता. हेल्मेट हातात घेऊन माणसं शोरूममध्ये यायची मामा, बाहेर मोटारसायकल लावून. बायको-पोरांना घेऊन. मी चार वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

मामा : हेच तर मी सकाळपासून सांगतोय! भाव उतरला, माणसं आली. म्हणजे अडचण भावाचीच होती, माणसांची नव्हती. तुम्ही म्हणत होता बाजार थंड, लोकांची घ्यायची इच्छा नाही.

भाची : कर उतरला. आम्ही किंवा कंपनीने...

मामा : थांब. एस-प्रेसो आधी साधारण ४ लाख २६ हजारांपासून होती. २९ चे १८ झाले, तर हिशेबाने ३ लाख ९० हजार व्हायला हवी. मारुतीने छापली ३ लाख ४९ हजार ९००. वरचे चाळीस हजार कुठून आले? ते काही अर्थमंत्र्यांनी दिले नाहीत. म्हणजे उतरवायला जागा होती. मनात आलं तेव्हा उतरवले.

भाची थोडा वेळ आकडे पुन्हा करून बघते. आकडे बरोबर आहेत.

भाची : दुचाकीवाल्याला आत आणायचं म्हणून तोटा सोसला असेल त्यांनी. आज छोटी घेईल, पाच वर्षांनी मोठी घेईल. सगळ्या गाड्यांवर असं करता येत नाही. आणि ते फक्त सुरुवातीच्या भावाचं झालं.

मामा : आमच्या कारखान्यात खर्च मांडतात, त्यावर ठरलेला नफा लावतात. तुमच्याकडे गिऱ्हाईक किती देऊ शकेल ते आधी बघतात, मग खर्च मांडतात.

भाची : म्हणूनच तुमच्याकडे विमान वेळेवर मिळत नाही! तेजस मार्क-वन-ए मार्च २०२४ पासून द्यायचं होतं. नाशिकच्या लाइनवरचं पहिलं उडालं १७ ऑक्टोबर २०२५ ला.

मामा : इंजिन अमेरिकेतून यायचं होतं, ते अडकलं.

भाची : आणि आमच्या चिप तैवानहून यायच्या होत्या. तुमचं कारण खरं आणि आमचं बहाणा?

हे मात्र मामांना लागलं. एचएएलवर बोललेलं त्यांना आजही सहन होत नाही, आणि घरातल्याने बोललेलं तर नाहीच. मामींनी चहा पुढे केला म्हणून विषय थोडा वळला. तो वळला कांद्याकडे, आणि वळला ते बरं झालं, कारण निफाड तालुक्यात बसून गाडीच्या भावाबद्दल बोलायचं आणि शेतमालाचं नाव काढायचं नाही, हे होऊच शकत नाही.

भाची : आमच्याकडे येणारा बागाईतदार गाडीचा भाव रुपयात विचारत नाही. मनात क्विंटलमध्ये करतो. यंदा कांदा हजार-बाराशे रुपये क्विंटल. दहा लाखांच्या गाडीला साडेआठशे-हजार क्विंटल लागले. एकरी शंभर धरा, म्हणजे दहा एकरांचं पीक, आणि खर्च एक रुपया वजा न करता. द्राक्षवाल्याचं तर विचारू नका. मेपासून पाऊस, ऑक्टोबरपर्यंत. काडीत घडच तयार झाला नाही. ऑक्टोबरची ती सगळी गर्दी नोकरदारांची होती. आमच्या या पट्ट्यातून फार थोडे आले.

मामा : आणि ज्या वर्षी भाव येतो त्या वर्षी?

भाची : त्या वर्षी छोटी कुणी घेतच नाही. थार, नाही तर स्कॉर्पिओ. तीही रोखीने. बागेचा पैसा एकदम येतो आणि एकदम जातो. त्याला दर महिन्याचा हप्ता जमत नाही, कारण दर महिन्याला त्याला पगार नाही. बँक त्याच्याकडे पगारपत्रक मागते. मी कुठून आणू?

मामा : मग यंदा आलेच नाहीत का ते?

भाची : ट्रॅक्टरच्या शोरूमला गेले. तिकडे जीएसटी बारावरून पाच झाला ना.

मामा हसले. ते मुळात शेतकऱ्याच्याच घरातले. भावाने जमीन केली, ह्यांनी आयटीआय. मी पुष्कळदा पाहिलंय की गाड्यांच्या बाजाराबद्दल लिहिणारे ‘ग्रामीण मागणी’ असा एक शब्द वापरतात आणि पुढे जातात. त्या शब्दात लासलगावचा कांदा, पिंपळगावचा टोमॅटो, दिंडोरीची द्राक्षं आणि कर्जाचा कागद इतकं सगळं कोंबलेलं असतं. २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटो काही शहरांत दोनशे रुपये किलोवर गेला तेव्हा याच शोरूमवाल्यांनी गावोगावी फलक लावले होते. २०२५ मध्ये फलक दिसले ते सोसायटीच्या वसुलीचे.

आता भाचीच्या तोंडी येणारी एक गोष्ट, जी मलाही आधी नीट माहीत नव्हती. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटी उतरणार असं जाहीर केलं. त्या क्षणापासून २२ सप्टेंबरपर्यंत शोरूममध्ये माणूस फिरकेना. मध्ये गणपती येऊन गेले, जो एरवी चांगला मुहूर्त. मग पितृपक्ष, ज्यात तसंही कुणी घेत नाही. आणि डीलरांनी सेस भरून उचललेल्या गाड्या यार्डात होत्याच. सेस रद्द झाला, भरलेला सेस वळता करायला वाट उरली नाही. देशभरात असे अडीच हजार कोटी अडकल्याचं फाडाने सांगितलं. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने स्वस्ताई आली ती अशी कुणाच्या तरी खात्यावरून चालत आली.

मामा : जुनी घेऊ का मग? तुमच्या त्या भानगडीतच नको.

भाची : घ्या की. देशात आता जुन्या गाड्या नव्यापेक्षा जास्त विकल्या जातात. पण नवी महाग म्हणून जुनीही चढलीये. पाच वर्षांची गाडी तुम्हाला साठ-पासष्ट टक्क्यांना पडेल. आणि व्यापाऱ्याकडून घेतलीत तर त्याच्या नफ्यावर अठरा टक्के जीएसटी, जानेवारी २०२५ पासून. नवीन बेस मॉडेलच्या जवळपास जाल.

मामा : ठीक. मग बेस मॉडेलच दे. सनरूफ नको, पडदा नको, चाकांना प्लास्टिकच्या टोप्या चालतील. एअरबॅग आहेत ना?

भाची : सहा आहेत.

मामा : झालं तर. सूटही नको मला. उपरण्याखाली बोटं दाबायची नाहीत. जाहिरातीत छापलाय तो भाव, वर टॅक्स आणि इन्शुरन्स. चेक लिहितो.

भाची : (जरा थांबून) बेस यार्डात नाहीये मामा.

मामा : ऐंशी दिवसांचा साठा आहे म्हणालीस!

भाची : तो गेल्या वर्षीचा. आत्ता कमी झालाय. पण तेव्हाही त्यात बेस नव्हती. मधलं मॉडेल आहे, वरचं आहे, दोन रंगांत आहे. कंपनी बेस थोड्याच बनवते, जाहिरातीत ‘पासून’ लिहिता यावं एवढ्या. तुमच्या नावाने ऑर्डर टाकावी लागेल. दोन महिने. मधलं उद्या देते, वर तीस हजारांची सूट माझ्याकडून करून घेते. ते एक लाख चाळीस हजारांनी वर आहे.

मामा : म्हणजे जी मागतोय ती नाही, आणि जी पडलीये ती मी मागत नाही.

भाची : माझ्या साहेबांना सांगा हे. मी सांगून दमले.

मामा : टाक ऑर्डर. दोन महिने थांबतो. चेतकला त्यापेक्षा जास्त थांबलो होतो. बुकिंगचे किती?

भाची : अकरा हजार. पण पावतीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, भाव गाडी हातात देण्याच्या दिवशीचा लागेल. दोन महिने म्हणजे जानेवारी.

मामा : आणि जानेवारीत कच्चा माल महाग होतो.

भाची : दर वर्षी होतो.

मामा : पावती आण. मागची बाजू मी आधी वाचतो, मग पुढची.